चाळणीची दहा वर्षं: निपाणी, १९६७ ते १९७९

आजीला मी एकदा विचारलं होतं, बाहत्तरच्या दुष्काळानंतर पुढची सात-आठ वर्षं निपाणीत काय काय झालं. तिनं पदर तोंडाला लावून खोकला जिरवला आणि म्हणाली, "काय न्हाई झालं बघ. नुसतं चाळत हुतो आम्ही."

ती अकोळहून निपाणीला चालत यायची, तंबाखूच्या वखारीत. शेतातून आलेल्या बिडीच्या तंबाखूत पत्ती असते, काडी असते, भुकटी असते, मातीही असते. हे सगळं निरनिराळ्या भोकांच्या चाळण्यांतून वेगळं करायचं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. एका छपराखाली पन्नास, शंभर, कधी त्याहून जास्त बायका. हवेत खकाणा इतका, की नव्या बाईला पहिल्या आठवड्यात उलट्या व्हायच्या आणि जुनीला त्याचं काही वाटेनासं व्हायचं. आजीच्या लुगड्याला बारा महिने तोच वास. लहानपणी मला तो आजीचाच वास वाटायचा. तंबाखूचा आहे हे फार उशिरा कळलं.

काही झालं नाही, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जुन्या अंकांच्या फायली चाळल्या (हेही चाळणंच) तरी त्या काळातल्या निपाणीचा मोठा मथळा सहसा हाती लागत नाही. आणि तरी सत्तरचं दशक सरता सरता याच बायका संघटित होऊन वखारवाल्यांसमोर उभ्या राहिल्या. १४ मार्च १९८१ ला तंबाखू पिकवणारे शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले, ते ६ एप्रिलला पोलीस येईपर्यंत हलले नाहीत. काहीच न झालेल्या वर्षांतून हे निघालं कसं, ते या एका गावापुरतं मांडून बघायचं आहे.

दहा वर्षं मी ढोबळ म्हणतो. माझ्या हिशेबात ती १९६७ ला सुरू होतात आणि १९७९ ला संपतात, म्हणजे भरतात बारा. पण बारा वर्षांना आपण तप म्हणतो, आणि तप म्हटलं की कोणीतरी ठरवून तपश्चर्या करत होतं असं वाटायला लागतं. तसं कोणी करत नव्हतं.

आधीचा गलबला

या शांततेआधी आवाज भरपूर होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. निपाणी मराठी गाव. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब, आणि हद्द तर गावाच्या कुशीला. त्या वर्षीच्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या यादीत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचं नाव आहे. पुढची दहा वर्षं मोर्चे, सत्याग्रह, साराबंदी. १९६६ मध्ये सेनापती बापट मुंबईत उपोषणाला बसले, २५ ऑक्टोबर १९६६ ला हद्दीच्या वादासाठी महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला.

आयोगानं बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं मात्र महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं, आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या बाजूची २४७ गावं म्हैसूरला. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. अंमल कशाचाच झाला नाही.

सीमाप्रश्नावर बोलताना आपण इथे थांबतो आणि एकदम १९८६ ला उडी मारतो. निपाणीच्या जागी उभं राहून बघितलं तर मात्र एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या अहवालानं निपाणी महाराष्ट्रात जाणार होती, तो अहवाल आपल्याच माणसांनी नाकारला होता. नाकारणं योग्यच होतं असं सगळे म्हणत होते, कारण बेळगाव सोडून द्यायचं कसं? पण "आमचं तेवढं तरी घ्या" असं निपाणीकरानं मोठ्यानं म्हणणं म्हणजे बेळगावकराच्या पाठीत सुरा. म्हणून ना आनंद करता येत होता, ना ओरडता येत होतं. माझ्या मते निपाणीच्या शांततेचं मूळ या अडचणीत आहे. लोक थकले होते हे खरं, घाबरलेही असतील, पण त्याहून जास्त ते अवघडले होते.

आणखी एक गोष्ट त्या आवाजाबरोबर निवली. सीमालढ्याच्या सभेत व्यापारी, शेतकरी आणि वखारीतली बाई एकाच झेंड्याखाली बसायचे. "आधी महाराष्ट्रात जाऊ, मग बाकीचं बघू" हे तिघांनाही मान्य होतं. बाकीचं म्हणजे काय? तंबाखूचा भाव, पैसे कधी मिळणार ते, रोजाची मजुरी. मोठा प्रश्न जागा असेपर्यंत हे बाकीचं विचारणं म्हणजे फूट पाडणं. मोठा प्रश्न झोपला, आणि बाकीचं हळूहळू डोळे चोळत उठून बसलं. मला या प्रकरणात सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. पुढचं सगळं त्याचा तपशील.

बंगळूरहून आलेला कागद

आम्ही मुंबईकडे डोळे लावून बसलेले असताना आमच्या पायाखालची जमीन बंगळूर बदलत होतं. हे वाक्य आमच्याकडे अजूनही फारसं कोणाला आवडत नाही.

हद्दीपलीकडे, कागल तालुक्यात, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कूळ जमिनीचं मालक मानलं जाऊ लागलं. हद्दीच्या अलीकडच्या कुळाला तेवढ्या ठोस कायद्यासाठी १ मार्च १९७४ ची वाट बघावी लागली. देवराज अर्स मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारनं भूसुधारणा कायद्यात दुरुस्ती केली. कुळानं कसलेली जमीन सरकारजमा होऊन कुळाच्या नावावर चढायची, त्यासाठी तालुक्याला न्यायाधिकरण, आणि अर्ज करायचा तो सात नंबरच्या फॉर्मवर. मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. राज्याचं नाव आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९७३ ला, कर्नाटक झालं होतं.

माझ्या आजोबांनी हा फॉर्म भरला होता. दीड एकर, तेही वतनदाराच्या भाऊबंदांत वाद असलेलं. चिकोडीच्या खेपांचा हिशेब ते मरेपर्यंत सांगायचे. एका खेपेला साहेब रजेवर, दुसऱ्या खेपेला कागद कानडीत म्हणून वाचून देणारा शोधायचा, तिसऱ्या खेपेला समोरचा पक्षकारच हजर नाही. खेपा घालता घालता त्यांना उतारा वाचता यायला लागला, कुठल्या रकान्यात काय लिहिलंय ते कळायला लागलं, आणि कचेरीतल्या कारकुनाला "हे नाव चुकलंय" असं सांगायची हिंमत आली. जमीन मिळाली ती मिळाली. पण साहेबासमोर उभं राहून रकान्यावर बोट ठेवायची सवय लागली, ती जमिनीइतकीच कामाची ठरली.

या कायद्यानं गोरगरीब सगळे मालक झाले असं मी म्हणत नाही. पुष्कळ कुळांनी मालकाच्या भिडेखातर अर्जच केला नाही, काहींनी मालकाशी परस्पर तोड काढली. तरीही निपाणीच्या भोवताली तंबाखू लावणारा एक असा शेतकरी तयार झाला, ज्याच्या उताऱ्यावर त्याचं स्वतःचं नाव होतं. वतनदाराची भीती सरली की माणूस पुढच्या माणसाकडे बघतो. पुढचा माणूस व्यापारी होता.

एक्साइजचा साहेब आणि पट्टी

तंबाखूचं पीक इतर पिकांसारखं नाही. ऊस कारखान्याला जातो, ज्वारी घरी खाता येते. तंबाखू खाता येत नाही आणि घरात ठेवायची पूर्वी मोकळीकही नव्हती. १९४३ पासून त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क होतं. किती लावला, किती निघाला, कुठे ठेवला, सगळ्याची नोंद, साठवायला परवाना, एक्साइजचा साहेब गावात आला की चुलीपुढची बाईसुद्धा सावरून बसायची. परवाना आणि वखार व्यापाऱ्याकडे, म्हणून माल व्यापाऱ्याकडेच जाणार.

व्यापारी माल बघून भाव करायचा, माल उचलायचा, आणि पैसे? ते हप्त्याहप्त्यानं. थोडे आता, थोडे बेंदराला, उरलेले दसऱ्याला. मधल्या काळात शेतकऱ्याला लागले तर त्याच व्यापाऱ्याकडून उचल. वजनात घट, मालात कसर, पट्टीवर, म्हणजे व्यापाऱ्यानं दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, आणखी काही वजावट. आपलेच पैसे आपल्यालाच उसने आणायचे, असा तो खेळ. नाराजी होती, पण बोलायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी माल कोण घेणार?

या जाचातून एक गोष्ट मात्र नकळत तयार होत होती. शुल्काच्या कायद्यानं शेतकऱ्याच्या हातात आकडे दिले. किती मण पिकलं याचा सरकारी दाखला आणि किती मणाचे पैसे मिळाले याची व्यापाऱ्याची पट्टी, दोन्ही एकाच पत्र्याच्या पेटीत. कांदा-भाजी विकणाऱ्याकडे असा पुरावा कुठून असणार? तंबाखूवाल्याकडे वर्षानुवर्षांचा होता.

मग १९७९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरचं शुल्क उठवलं. छत्तीस वर्षांचा एक्साइजचा साहेब गेला. शेतकऱ्याला आशा वाटली असणार की आता भाव वाढेल, पैसे वेळेवर मिळतील. तोवर काही विचारलं तर व्यापाऱ्याकडे एक हुकमी उत्तर असायचं, सरकारचं शुल्क आहे, काय करणार. ते उत्तर गेलं आणि पट्टी तशीच राहिली. माझ्या मते शांत वर्षं इथे संपली. गोळी सुटली १९८१ ला, पण सबब संपली ती १९७९ ला.

अर्जुननगरचं कॉलेज

निपाणीहून कोल्हापूरकडे निघालं की गाव संपतं तिथेच देवचंद कॉलेज लागतं. लोक त्याला निपाणीचं कॉलेज म्हणतात, पण ते आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. तंबाखूच्या धंद्यातल्या देवचंद शहांनी १९६१ मध्ये ते सुरू केलं. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघालं आणि कॉलेज त्याला जोडलं गेलं. पाचशे पावलं चाललं की राज्य बदलायचं. मुलं सकाळी महाराष्ट्रात शिकून दुपारी कर्नाटकात जेवायला यायची.

शेतकऱ्यांच्या आणि वखारीतल्या बायकांच्या घरातले पहिले पदवीधर या कॉलेजानं सत्तरच्या दशकात बाहेर काढले. नोकऱ्या फारशा नव्हत्या. कर्नाटकात कानडी येत नाही म्हणून अडायचं, महाराष्ट्रात परराज्यातले म्हणून. शिकलेली, रिकामी, मराठी वर्तमानपत्रं ओळ न् ओळ वाचणारी पोरं चहाच्या टपरीवर बसायची. वडीलधारे त्यांना वाया गेलेली म्हणत. याच पोरांनी पुढे बायकांच्या हजेरीचे तक्ते केले आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्यांच्या बेरजा मांडल्या.

आणि याच कॉलेजात शिकवणाऱ्यांपैकी प्रा. सुभाष जोशी वखारीतल्या बायकांच्या संघटनेच्या कामात उतरले. तंबाखूच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कॉलेजातून तंबाखू कामगारांची संघटना बांधणारा माणूस निघाला. यात गंमत वाटून घ्यायची का देणगीदाराचं कौतुक करायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. दोन्ही करावं असं कधी कधी वाटतं.

वखारीच्या आत

आता आजीकडे परत जायला हवं, कारण सगळ्यात जास्त काही घडत होतं ते तिच्या "काय न्हाई झालं" मध्ये.

शेतमजूर बाई दहा शेतांत दहा जणींबरोबर विखुरलेली असते. विडी वळणारी घरी एकटी सूप मांडीवर घेऊन बसते. वखारीतली बाई मात्र रोज त्याच शंभर जणींबरोबर, त्याच जागी, त्याच दिवाणजीच्या नजरेखाली. तोंडाला फडकं बांधलेलं, हात चालू, आणि बोलणं फडक्याआडून. आजी सांगायची की दिवाणजीला ओठ दिसत नसल्यामुळे कोण बोललं ते कळायचं नाही. कोणाचा नवरा मारतो, कोणाच्या पोरीला मागणी आली, कोणत्या वखारीत रोज चार आणे जास्त आहे. शेवटच्या माहितीला सगळ्यात जास्त मान होता.

त्या बायकांत देवाला सोडलेल्या बऱ्याच होत्या. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात. मुंबई इलाख्यानं १९३४ सालीच देवदासींच्या संरक्षणाचा कायदा केला होता, पण तो कागदावरच राहिला. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींचे प्रश्न घेऊन परिषद भरली. गडहिंग्लज निपाणीहून फार लांब नाही आणि वखारीतल्या कोणाची ना कोणाची तरी बहीण तिकडे दिलेली असायचीच. परिषदेत काय ठराव झाले ते वखारीत कोणाला ठाऊक नव्हतं. "जोगतिणींची पण सभा भरती म्हनं" एवढी बातमी आली आणि ती पुरेशी होती. कर्नाटकानं देवदासी प्रथेविरुद्ध नवा कायदा केला तो १९८२ मध्ये, म्हणजे ही सगळी खळबळ होऊन गेल्यावर.

किमान वेतनाचं तसंच. १९४८ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत तंबाखूचं काम पहिल्यापासून आहे. म्हणजे आजीला किमान वेतनाचा हक्क तिच्या लग्नाच्याही आधी मिळालेला होता, फक्त तिला कोणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांनी सांगणारा भेटला. मधली तीस वर्षं कायदा कुठे होता, तर तिच्यासारखाच, गप बसून होता.

वखारीत तंबाखूची रास रचून ठेवतात, तिला आतून ऊब धरते. वरून हात लावला तर काही कळत नाही, आत कोपरापर्यंत खुपसला तर चटका बसतो. वेळेवर उलथली तर मालाला रंग येतो, विसरली तर आख्खी रास करपून काळी पडते. अशा काळाचं वर्णन करायला निपाणीकराला ही उपमा सहज सुचते आणि मीही ती बरीच वर्षं वापरली. पण तिच्यात एक खोट आहे. रास आपोआप तापते. माणसं आपोआप तापत नाहीत. पुष्कळ माणसं पन्नास वर्षं चाळतात आणि खोकून मरतात. रास उलथणारं कोणीतरी लागतं आणि ते बाहेरूनच यावं लागतं असं नाही. आमच्याकडे अर्धं आतून आलं.

आतून आलेल्यापैकी एक आमच्या घरात होतं. आजीला लिहिता येत नव्हतं. कामावर गेलेल्या प्रत्येक दिवसाची एक रेघ ती स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला कोळशानं ओढायची, सहा रेघा झाल्या की आडवी एक. कारण साधं होतं. एकदा आठवड्याचा पगार घेताना दिवाणजीनं एक खाडा जास्त धरला, तिनं वाद घातला, आणि सगळ्यांसमोर तिला खोटं पाडलं गेलं. तेव्हापासून दार. संघटनेचे लोक पहिल्यांदा गल्लीत आले आणि विचारू लागले की वर्षाचे किती दिवस भरले, तेव्हा वखारीच्या हजेरीपटात एक आकडा होता आणि दारावर दुसरा. गल्लीत अशी दारं आणखी निघाली. एकीनं गहू मोजायच्या मापात चिंचोके टाकले होते. कोणी कोणाला सांगून हे केलेलं नव्हतं.

दोन्हीकडून धग

सत्तरचं दशक सरता सरता चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला आणि वखारी बंद पडू लागल्या, म्हणजे बायकांनी पाडल्या. मागण्या साध्या होत्या: कायद्याप्रमाणे रोजाची मजुरी, खरी हजेरी, सुट्टी, आणि सुटताना दारात होणाऱ्या झडतीतली अंगचटी बंद. शेवटच्या मागणीबद्दल आजी माझ्याशी कधी बोलली नाही, आईशी बोलली. सगळ्या मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत, पण वखारवाल्याला बायकांशी टेबलाशी बसून बोलावं लागलं. निपाणीत असं आधी झालेलं नव्हतं.

शेतकरी हे बघत होता. बघत होता म्हणजे लांबून नव्हे. वखारीत संपावर असलेली बाई त्याचीच बायको किंवा भावजय होती. आजीच्या भावाचा अर्धा एकर तंबाखू होता आणि तो त्याच मालकाला घालायचा, ज्याच्याविरुद्ध बहीण संपावर. आपली मजूर बहीण जिंकते आणि आपण मालधनी असून हप्त्याची वाट बघतो, हे त्याच्या मनाला लागलं. लागलंच असणार, तो जेवताना दर वेळी तोच विषय काढायचा.

त्यात दोन्ही दिशांनी बातम्या येत होत्या. दक्षिणेकडे जुलै १९८० मध्ये नरगुंद-नवलगुंदला मलप्रभेच्या पाणीपट्टी-विकासकरावरून शेतकरी उठले, गोळीबार झाला, आणि त्याच वर्षी कर्नाटक राज्य रयत संघ निघाला. मलप्रभेचं धरण आमच्याच जिल्ह्यात, सौंदत्तीजवळ. उत्तरेकडे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करत होते. १९७९ मध्ये शेतकरी संघटना निघाली आणि नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिकला ऊस-कांद्याचं आंदोलन झालं. नवलगुंदच्या बातमीत बैलगाडी होती. नाशिकच्या बातमीत हिशेब होता, उत्पादन खर्च किती आणि भाव किती, आणि तो मराठीत होता. निपाणीच्या शेतकऱ्याला तो भाषांतर न करता वाचता आला. जी भाषा इतकी वर्षं निपाणीच्या गळ्यातला काटा होती, ती इथे कामाला आली.

१४ मार्च १९८१ ला रस्ता अडला. बैलगाड्या आडव्या लावल्या, चुली मांडल्या, हमरस्त्यावर गाव वसलं. आंदोलननगर हे नाव त्याला तेव्हाच पडलं. तंबाखूला किफायतशीर भाव आणि पैसे वेळेवर, एवढंच मागणं. सीमाप्रश्नाचं नाव नाही. मुंबईकडे जाणारा ट्रक आणि बंगळूरकडे जाणारा ट्रक, दोन्ही सारखेच अडवले. आजी तिथे दोनदा जाऊन बसली होती, भाकरी घेऊन. शेतकरी म्हणून नव्हे, "भावाचं हाय, जायला नको व्हय?" म्हणून.

६ एप्रिलला पोलिसांनी नेत्यांना पकडलं, तळ उठवला, आणि गोळीबारात दहाहून अधिक शेतकरी गेले. गुंडूराव मुख्यमंत्री होते. नरगुंदच्या वेळीही तेच होते.

इथेच का

शांत वर्षं निपाणीच्या एकटीच्या वाट्याला आली नव्हती. खानापूरही २६४ गावांच्या यादीत होतं, तेही तसंच अवघडलेलं होतं. तिथे असं काही उभं राहिलं नाही. भाताची खाचरं आणि जंगल, माणसं पोटासाठी बेळगाव-गोव्याकडे पांगलेली. शंभर बायका रोज एका छपराखाली बसतील असं काम नाही, आणि सगळ्या गावाचा पैसा एकाच पिकातून, एकाच बाजारातून फिरतो असंही नाही.

बेळगाव शहराचं उलट. तिथे शांतता फारशी नव्हतीच. प्रत्येक निवडणूक, पाट्यांवरची भाषा, सगळं सीमाप्रश्नाभोवती. मोठा प्रश्न सतत जागा असल्यामुळे बाकीचं डोकं वर काढू शकलं नाही, असं मला वाटतं. बेळगावातले मित्र हे मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं, निपाणीत तंबाखू होता, आमच्याकडे नव्हता, एवढाच फरक. असेलही.

आणि शांतता सगळी एका जातीची नव्हती हेही सांगायला हवं. जून १९७५ पासून मार्च १९७७ पर्यंतची शांतता झाकण ठेवून केलेली होती. तेव्हा सभा बंद, संप बंद, टपरीवरची पोरंसुद्धा बोलताना मागे बघायची. त्या एकवीस महिन्यांनी काही पिकवलं असं मला तरी दिसत नाही. पिकलं ते आधीच्या आणि नंतरच्या आळशी, कंटाळवाण्या वर्षांत, जेव्हा कोणी अडवत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

पुढे

१९८२ मध्ये कर्नाटकात गोकाक अहवालावरून कानडीचं आंदोलन झालं. १ जून १९८६ ला कानडी सक्तीविरुद्ध बेळगावात मराठी लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. मोठा प्रश्न जागा झाला आणि निपाणीच्या सभांत व्यापारी, शेतकरी, वखारीतली बाई पुन्हा एका रांगेत बसले. पट्टीचा विषय परत "मग बघू" मध्ये गेला, पूर्ण नाही, पण बराचसा. २००४ पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे.

तंबाखूचं म्हणाल तर केंद्राचं तंबाखू मंडळ १९७६ मध्येच निघालं होतं, पण ते निर्यातीच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी. आमच्या बिडीच्या तंबाखूला त्याच्या लिलावाचा उपयोग झाला नाही. शेतकऱ्यानं आपलं उत्तर आपणच शोधलं. पाणी आलं तसा त्यानं ऊस लावला. वेदगंगा-दूधगंगेच्या काठानं आज जाल तर मैलोन् मैल उसाची पाती दिसतात, तंबाखू शोधावा लागतो. पुष्कळ वखारी बंद आहेत, काहींत आता इतर माल ठेवतात.

आजीच्या त्या भावाच्या अर्ध्या एकरातही ऊस आहे. कारखान्याचं बिल हप्त्यानं येतं. दुसरा हप्ता कधी, यावर तो हल्ली जेवताना बोलतो.

आमचं जुनं घर पाडून स्लॅब टाकला, तेव्हा स्वयंपाकघराचं ते दार टाकून द्यायचं वडिलांच्या जिवावर आलं. सागवानी होतं. ते गोठ्याला बसवलं, उलटं, म्हणजे रेघांची बाजू आत. म्हैस तिथे अंग घासते. गेल्या उन्हाळ्यात मी मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. वरच्या कोपऱ्यात, जिथे म्हशीची पाठ पोचत नाही, तिथे सहा उभ्या आणि एक आडवी अशा दोन आठवड्यांच्या रेघा अजून आहेत. कुठल्या सालच्या, ते सांगायला आजी नाही.